मराठी मजकुरासाठी स्पेलचेक: भाषा लावण्यापासून शेवटच्या नजरेपर्यंत

वर्डमध्ये मराठी लेख उघडला आणि पानभर लाल नागमोडी रेघा दिसल्या, की बहुतेक लोक स्पेलचेक बंद करून टाकतात. ‘आहे’, ‘नाही’, ‘मुलगा’ यांच्याखालीसुद्धा रेघ येत असेल तर दुसरं करणार तरी काय? मग मजकूर न तपासताच पुढे जातो आणि ‘महत्व’, ‘आशिर्वाद’, ‘परिक्षा’ छापून येतात. ही तिन्ही रूपं अगदी साध्या स्पेलचेकलाही सापडतात, म्हणून ती छापलेली पाहून जास्त वाईट वाटतं.

इंग्रजीसाठी ही सोय आयती मिळते, मराठीसाठी ती लावून घ्यावी लागते. संगणकाला मजकुराची भाषा सांगावी लागते, मजकूर साफ करून द्यावा लागतो आणि आपल्या विषयातले शब्द शिकवावे लागतात. एवढं केलं की रेघा इतक्या कमी होतात, की जी उमटते तिच्यापाशी थांबावंसं वाटतं. दिवाळी अंकाचा लेख असो, प्रबंध असो की सोसायटीची नोटीस, क्रम हाच.

रेघ कशामुळे उमटते

स्पेलचेक मजकुराचे सुटे शब्द पाडतो, प्रत्येक शब्द आपल्या कोशात आहे का ते बघतो, आणि नसेल तर खाली रेघ ओढतो. पर्याय म्हणून तो कोशातले असे शब्द पुढे करतो, ज्यांच्यात आणि तुमच्या शब्दात एखाद-दुसऱ्या अक्षराचाच फरक आहे. तुम्हाला काय म्हणायचं होतं हे त्याला माहीत नसतं. त्यामुळे यादीत सगळ्यात वर आलेला पर्याय डोळे मिटून घेऊ नका.

मराठीची खरी अडचण प्रत्ययांची आहे. ‘घर’ हा एक शब्द झाला, पण लिहिताना तो घराला, घरात, घरातून, घरातल्या, घरासमोर, घराबाहेरचा, घरांमधून अशा कितीतरी रूपांत येतो. विभक्ती प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं आपण जोडूनच लिहितो. ही सगळी रूपं एकेक करून कोशात भरायची म्हटलं तर यादी संपणारच नाही, आणि भरली नाहीत तर बरोबर शब्दाखालीही रेघ येणार.

लिबरऑफिस (वर्डसारखाच लेखनाचा कार्यक्रम) आणि फायरफॉक्स ब्राउझर यांच्यात तपासणीचं काम हन्स्पेल नावाचं इंजिन करतं. लास्लो नेमेथ यांनी ते हंगेरियन भाषेसाठी लिहिलं. हंगेरियनमध्येही शब्दाला एकामागून एक प्रत्यय चिकटतात, त्यामुळे हन्स्पेलची रचनाच आपल्या कामाची आहे. त्याच्या कोशाच्या दोन फायली असतात. एकीत मूळ शब्द आणि प्रत्येक शब्दापुढे एक खूण, दुसरीत त्या खुणेचा अर्थ, म्हणजे कोणते प्रत्यय कसे लागतात याचे नियम. मराठी कोशाचा उपयोग किती होणार, हे बरंचसं या दुसऱ्या फाइलवर ठरतं. ती तोकडी असेल तर ‘शेजाऱ्यांच्याकडून’ अशा लांब रूपांखाली रेघ येणारच. ती रेघ पाहून शब्द बदलायचा नाही.

वर्डमध्ये मराठी लावणं

आधी मराठीचं तपासणीचं साधन संगणकात आहे का ते बघा. ‘फाइल’ मेनूतून ‘ऑप्शन्स’ उघडा, डावीकडे ‘लँग्वेज’ निवडा. मजकुराच्या भाषांची यादी दिसेल. तिथे मराठी नसेल तर ती जोडा. मराठीपुढे तपासणीचं साधन बसवलेलं नाही असं दिसलं, तर तिथूनच मायक्रोसॉफ्टचं मराठी भाषा पॅक मोफत उतरवता येतं. ते बसवा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा.

आता लेख उघडून कंट्रोल-ए दाबा म्हणजे सगळा मजकूर निवडला जाईल. ‘रिव्ह्यू’ टॅबमध्ये ‘लँग्वेज’ आणि त्याखाली ‘सेट प्रूफिंग लँग्वेज’ आहे. तिथे मराठी निवडा. त्याच चौकटीत खाली दोन खुणा असतात. ‘स्पेलिंग-व्याकरण तपासू नका’ अशा अर्थाची पहिली खूण काढून टाका. अनेकदा दुसऱ्याकडून आलेल्या फाइलमध्ये ती लावलेली असते आणि लेखकाला वाटतं, मजकूर निर्दोष आहे. भाषा आपोआप ओळखण्याची दुसरी खूणही काढा, म्हणजे तुम्ही लावलेली भाषा तशीच राहील.

या पायरीवर सगळ्यात जास्त गफलत होते ती हिंदीमुळे. देवनागरी लिपी दोन्ही भाषांची. टाइप करताना विंडोजमध्ये हिंदी कीबोर्ड चालू असेल तर वर्ड त्या मजकुरावर हिंदीचं लेबल लावतं आणि हिंदी कोशातून तो तपासतं. ‘आहे’खाली रेघ येते ती इथून. खिडकीच्या तळाशी, शब्दसंख्येच्या शेजारी, कर्सर असलेल्या मजकुराची भाषा लिहिलेली असते. तिथे ‘हिंदी’ किंवा ‘इंग्लिश’ दिसलं तर त्यावरच क्लिक करून मराठी करा. पुढच्या वेळी हा त्रास नको असेल तर विंडोजच्या भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा, तिचा कीबोर्ड घ्या आणि मराठी त्याच कीबोर्डवर लिहा.

तपासणी एफ-७ या कळीनं सुरू होते. ऑल्ट-एफ-७ दाबलं तर कर्सर थेट पुढच्या रेघेवर जातो. लांब लेखात मला हे जास्त सोयीचं वाटतं, कारण शब्द त्याच्या वाक्यातच दिसतो.

लिबरऑफिसमध्ये

लिबरऑफिस मोफत आहे आणि मराठीसाठी त्यात काही सोयी वर्डपेक्षा सरस आहेत. ‘टूल्स’मधून ‘ऑप्शन्स’, तिथे भाषांचा विभाग. मजकुराची भाषा लावण्याच्या जागी तीन गट दिसतात: पाश्चात्त्य, आशियाई आणि कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट. मराठी ‘आशियाई’ गटात शोधू नका. तो गट चिनी, जपानी, कोरियन यांच्यासाठी आहे. देवनागरी तिसऱ्या गटात येते. त्याची खूण लावा आणि यादीतून मराठी निवडा. पाश्चात्त्य गटात इंग्रजी ठेवा, म्हणजे लेखात मध्येच आलेला रोमन शब्द इंग्रजी कोशातून आणि देवनागरी शब्द मराठी कोशातून तपासला जाईल.

यादीत एखाद्या भाषेच्या नावाशेजारी बरोबरची खूण असलेलं छोटं चित्र दिसलं तर तिचा कोश बसवलेला आहे. मराठीपुढे ते नसेल तर लिबरऑफिसच्या विस्तारांच्या (एक्स्टेन्शन) संकेतस्थळावर मराठी शब्दकोश शोधा, फाइल उतरवा आणि ‘टूल्स’मधल्या विस्तारांच्या खिडकीतून ती जोडा. लिबरऑफिस बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं. नंतर एफ-७ नं तपासणी आणि शिफ्ट-एफ-७ नं लाल रेघा चालू किंवा बंद.

पहिला खर्डा लिहिताना मी रेघा बंद ठेवायला सांगेन. वाक्य अर्धवट असताना मागच्या शब्दाखाली रेघ आली, की लक्ष विचारावरून उडून अक्षरांवर जातं. लिहून झाल्यावर त्या चालू करा.

ब्राउझर आणि मॅक

फायरफॉक्समध्ये लिहिण्याच्या चौकटीत उजवं क्लिक करा, ‘चेक स्पेलिंग’ची खूण लावा आणि भाषांच्या उपमेनूतून नवा कोश जोडायचा पर्याय घ्या. मराठी कोश ॲड-ऑन म्हणून मिळतो. २०२२ मध्ये आलेल्या १०० व्या आवृत्तीपासून फायरफॉक्स एकाच वेळी अनेक भाषांचे कोश चालवतं, त्यामुळे मराठी आणि इंग्रजी दोन्हींवर खूण करून ठेवा.

क्रोमच्या सेटिंगमध्ये स्पेलचेकचे दोन प्रकार आहेत, साधा आणि वाढीव. वाढीव प्रकारात तुम्ही टाइप केलेला मजकूर गूगलच्या सर्व्हरकडे जातो. वकिलीची कागदपत्रं, रुग्णाचे अहवाल, प्रश्नपत्रिका असं काही लिहीत असाल तर तो चालू ठेवू नका. आणि मराठी जमत नाही म्हणून हिंदीचा कोश तर मुळीच लावू नका. तो ‘पानी’ आणि ‘बहन’ बिनतक्रार सोडतो आणि ‘पाणी’ला अडवतो.

मॅकवर हन्स्पेलचा मराठी कोश हातानं बसवता येतो. कोशाच्या दोन्ही फायली तुमच्या लायब्ररी फोल्डरमधल्या ‘स्पेलिंग’ फोल्डरात ठेवायच्या आणि कीबोर्डच्या सेटिंगमध्ये स्पेलिंगच्या भाषांच्या यादीत मराठीवर खूण करायची.

तपासण्याआधी मजकूर साफ करा

लोक ही पायरी गाळतात आणि मग म्हणतात की स्पेलचेक मराठीत चालत नाही. डोळ्यांना सारखी दिसणारी दोन अक्षरं संगणकासाठी वेगळी असू शकतात. कोशात एक प्रकार आहे आणि तुमच्या लेखात दुसरा, तर बरोबर लिहिलेल्या शब्दाखालीही रेघ येते.

मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर आधी तो युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असलेल्या पद्धतीत, बदलून घ्या. त्या फॉन्टांत पडद्यावर देवनागरी दिसते, पण फाइलमध्ये रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात. स्पेलचेकपुढे तो निव्वळ कचरा. हा बदल करून देणारा परिवर्तक (कन्व्हर्टर) वापरल्यावरही पुढच्या चार गोष्टी शोधून बदला.

पहिली, ‘आ’. अनेक परिवर्तक ‘अ’ला काना जोडून ‘आ’ तयार करतात, ‘अ’वर मात्रा चढवून ‘ओ’ आणि ‘औ’ करतात. छापलं तर कोणाला कळणार नाही. पण युनिकोडमध्ये ‘आ’, ‘ओ’, ‘औ’ ही स्वतंत्र अक्षरं आहेत, आणि कोशातला ‘आई’ हा शब्द त्या स्वतंत्र ‘आ’नंच सुरू होतो. शोधा-बदला चौकटीत ‘अ’ आणि काना टाइप करा, खाली खरा ‘आ’ द्या. ‘ओ’, ‘औ’चंही तसंच.

दुसरी, विसर्ग. ‘दुःख’, ‘अंतःकरण’, ‘निःशब्द’ यांत विसर्गाऐवजी अपूर्णविराम टाकलेला सर्रास आढळतो. अपूर्णविराम आला की स्पेलचेक शब्द तिथे तोडतो आणि ‘दु’ आणि ‘ख’ हे दोन तुकडे वेगळे तपासतो. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवर विसर्ग शिफ्ट आणि हायफनच्या कळीवर आहे.

तिसरी गोष्ट खास मराठीची, ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्ह’मधला अर्धा र. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि त्याला हलन्त, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही तंतोतंत एक. तुमच्या मजकुरात कोणता प्रकार आहे हे असं ओळखा: शोध चौकटीत ‘ऱ्या’ टाइप करा. डोळ्यांसमोर ‘दुसऱ्या’ दिसत असूनही तो सापडत नसेल, तर मजकुरात वेगळा प्रकार आहे. मजकुरातला तो तुकडा कॉपी करून शोध चौकटीत टाका आणि बदलीच्या चौकटीत तुमचा टाइप केलेला. इन्स्क्रिप्टवर ‘ऱ्या’ लिहिताना शिफ्ट-जे, मग डी, मग स्लॅशची कळ, मग ई. साध्या जे कळीवर नुसता ‘र’ येतो, त्याला पुढे ‘य’ जोडला की रफार होतो आणि ‘शेतकऱ्यांना’चं ‘शेतकर्यांना’ होऊन बसतं.

चौथी, ‘ॲ’. ‘ॲप’ लिहिताना काही कीबोर्ड ‘अ’वर चंद्र जोडतात, काही युनिकोडमध्ये २००८ साली आलेलं स्वतंत्र ‘ॲ’ देतात. कोणताही एक प्रकार धरा, पण लेखभर तोच ठेवा.

‘सगळे बदला’ हे बटण दाबण्याआधी एकदा-दोनदा एकेक बदल करून बघा. कारण सांगतो. ‘महत्व’, ‘तत्व’ चुकीचे, ‘महत्त्व’ आणि ‘तत्त्व’ बरोबर. महत् अधिक त्व, तत् अधिक त्व, म्हणून दोन त. हे कळल्यावर कोणी उत्साहानं सगळीकडे ‘त्व’चा ‘त्त्व’ करून टाकला, तर ‘नेतृत्व’, ‘मातृत्व’, ‘अस्तित्व’ हे शब्द बिघडतात. त्यांच्या ‘त्व’मध्ये एकच त आहे.

स्वतःचा कोश

साफ मजकुरावर तपासणी चालवली की उरलेल्या रेघांचे तीन गट पडतात: खऱ्या चुका, कोशात नसलेली बरोबर रूपं, आणि विशेषनामं किंवा तुमच्या विषयातले शब्द. शेवटच्या दोन गटांसाठी स्वतःचा कोश हवा.

वर्डमध्ये ‘ऑप्शन्स’मधल्या ‘प्रूफिंग’ विभागात ‘कस्टम डिक्शनरीज’ आहे. तिथे नवी फाइल तयार करा, तिची भाषा मराठी ठेवा आणि तीच मुख्य करा. आता शब्दावर उजवं क्लिक करून ‘ॲड टू डिक्शनरी’ म्हटलं की तो या फाइलमध्ये जाईल. या पर्यायावर विचार न करता क्लिक होतं, आणि त्याचं नुकसान मोठं असतं. ‘आशिर्वाद’ चुकून एकदा आत गेला, तर पुढच्या प्रत्येक लेखात तो निमूट सुटत राहील. शंका असेल तर ‘इग्नोर ऑल’ म्हणा, कोशात भरू नका. आणि महिन्या-दोन महिन्यांनी ‘कस्टम डिक्शनरीज’मधून यादी उघडून वाचून काढा. चुकीचे शब्द तिथेच पुसता येतात.

एखादा शब्द घातला की त्याची सगळी रूपं वर्डला कळतात असं नाही. ‘कुसुमाग्रज’ घातलात तरी ‘कुसुमाग्रजांनी’, ‘कुसुमाग्रजांच्या’, ‘कुसुमाग्रजांना’ वेगळे घालावे लागतात. लिबरऑफिसनं २०१८ मध्ये आलेल्या ६.० आवृत्तीपासून यावर उपाय दिला आहे. तिथे स्वतःचा कोश तयार करताना भाषा ‘सर्व’ न ठेवता मराठी ठेवायची. मग शब्द भरताना शेजारी ‘ग्रामर बाय’ नावाची जागा येते. समजा ‘परिवर्तक’ घालायचा आहे. त्या जागेत कोशात आधीच असलेला आणि तसाच चालणारा शब्द लिहा, उदाहरणार्थ ‘दगड’. दगडाला, दगडानं, दगडावर जसं होतं तसं परिवर्तकाचं चालेल, हे लिबरऑफिसला त्यातून कळतं. तुम्ही बसवलेल्या मराठी कोशात प्रत्ययांचे नियम असले तरच हे काम करतं. नमुन्याचा शब्द निवडताना मराठी कान वापरा. ‘दगडाला’ होतं, पण ‘बहीण’ची ‘बहिणीला’ होते, ‘विंचू’चा ‘विंचवाला’ होतो. स्त्रीलिंगी नव्या शब्दाला पुल्लिंगी नमुना दिलात तर तपासनीस चुकीची रूपं बरोबर मानेल.

लिबरऑफिसमध्ये उलट्या कामाचाही कोश मिळतो. नवा कोश करताना ‘एक्सेप्शन’ची खूण लावली की त्यात घातलेला प्रत्येक शब्द कायम चुकीचा धरला जातो, आणि त्याच्याऐवजी काय हवं तेही लिहून ठेवता येतं. शेतीवर लिहिणाऱ्याला याचा फार उपयोग. ‘पिक’ म्हणजे कोकिळ, त्यामुळे कोशात तो असू शकतो, आणि मग ‘यंदा पिक चांगलं आलं’ याखाली रेघच येत नाही. ‘पिक’ या कोशात टाका, बदली म्हणून ‘पीक’ द्या. ‘पिकाला’, ‘पिकांवर’ ही रूपं ह्रस्वच असतात, ती सुरक्षित राहतील. वर्डमध्येही अशी वर्ज्य शब्दांची यादी ठेवता येते, पण ती यूप्रूफ नावाच्या फोल्डरातल्या वेगळ्या फाइलमध्ये हातानं लिहावी लागते.

हातच्या सवयी दुरुस्त करायला ऑटोकरेक्ट

प्रत्येकाची बोटं दहा-बारा ठरलेले शब्द चुकवतात. त्यांच्यासाठी दर वेळी रेघेची वाट बघायला नको. ऑटोकरेक्टच्या यादीत डावीकडे चुकीचं रूप, उजवीकडे बरोबर: आणी–आणि, परिक्षा–परीक्षा, जेष्ठ–ज्येष्ठ, उज्वल–उज्ज्वल, क्रिडा–क्रीडा, विशिष्ठ–विशिष्ट, पारंपारिक–पारंपरिक, कोट्याधीश–कोट्यधीश, निवडणुक–निवडणूक. पूर्ण शब्द जुळला तरच बदल होतो, म्हणून ‘महत्वाचा’, ‘महत्वाची’, ‘महत्वाचं’ अशी वारंवार लागणारी रूपं वेगळी भरा.

ज्या शब्दाचं दुसरं रूपही मराठीत चालतं तो मात्र इथे घालू नका. ‘दिन’ म्हणजे दिवस, ‘दीन’ म्हणजे गरीब. ऑटोकरेक्ट विचारत नाही, परस्पर बदलतं, आणि ‘महाराष्ट्र दिन’ची वाट लागते.

स्पेलचेक गप्प राहतो तिथे

हे वाक्य बघा: ‘शेतकर्यांनी परिक्षेच्या दिवसात मूलांना शेतात पाठवलं नाहि, तरी पिक चांगलं आलं.’ यात सहा चुका आहेत. चांगल्या कोशावर ‘शेतकर्यांनी’, ‘परिक्षेच्या’, ‘मूलांना’ आणि ‘नाहि’ या चारांखाली रेघ येईल. ‘दिवसात’ सुटेल, कारण एका दिवसात म्हणायचं असेल तर तो बरोबर आहे. इथे दिवस अनेक आहेत, म्हणून ‘दिवसांत’ हवं. आणि ‘पिक’ची गोष्ट वर आलीच.

म्हणजे शब्द मराठीत आहे पण या वाक्यात नको, अशी चूक तुम्हालाच शोधावी लागते. शोध चौकट इथे कामी येते. अशा जोड्यांची यादी जवळ ठेवा आणि लेख संपल्यावर एकेक शोधून बघा: सुत–सूत, शिर–शीर, सलिल–सलील, दर्या–दऱ्या, आचार्यांना–आचाऱ्यांना. शेवटची जोडी गंभीर आहे. आचार्यांना गुरुपौर्णिमेला वंदन करतात, आचाऱ्यांना लग्नाच्या जेवणाचं सांगतात. निमंत्रणपत्रिकेत याची अदलाबदल झालेली कोणाला आवडेल?

अनुस्वाराची तपासणी वेगळी करा. लेखात ‘मध्ये’, ‘ना’, ‘नी’, ‘च्या’, ‘त’ लागलेली अनेकवचनं बघत जा: लोकांना, गावांमध्ये, शाळांत. ‘लोकाना’खाली रेघ येईल, पण ‘गावामध्ये’ आणि ‘गावांमध्ये’ दोन्ही बरोबर असल्यानं ती नजर तुमचीच हवी. ‘केले’ आणि ‘केलं’ ही दोन्ही रूपंही कोशात असतात. एका लेखात दोन्ही मिसळली तरी रेघ येणार नाही. ‘असे’, ‘तसे’, ‘झाले’ यांपैकी कोणती रूपं तुमच्या शैलीत बसतात ते ठरवा आणि नकोशी असतील ती शोधून काढा.

रेघ आली पण कोश बरोबर की आपण, असं कोडं पडलं तर निकाल नियमांवर करा. मराठी साहित्य महामंडळाचे १४ लेखननियम १९६२ मध्ये शासनानं मान्य केले आणि १९७२ मध्ये आणखी ४ आले. शाळेपासून छापखान्यापर्यंत हे १८ नियम प्रमाण आहेत. त्यांतले दोन पाठ असले तरी बरीच कोडी सुटतात. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: कवी, गुरू, पाटी, जादू. ‘आणि’, ‘नि’ हे अपवाद. पण समासात तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसंच्या तसं आलेलं, पूर्वपद मूळच्यासारखं ह्रस्व राहतं: कविराज, गुरुवर्य. दुसरा नियम असा, की मराठी अकारान्त शब्दातला उपान्त्य (शेवटून दुसरा) इकार-उकार दीर्घ असतो आणि सामान्यरूपात, म्हणजे प्रत्यय लागताना, तो ह्रस्व होतो: गरीब–गरिबाला, फूल–फुलाला, बहीण–बहिणीला. तत्सम शब्द मात्र बदलत नाहीत: शरीर–शरीराला, परीक्षा–परीक्षेला.

बोली आणि जुनी अवतरणं

कथेतलं पात्र मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलत असेल, तर प्रत्येक संवादाखाली लाल रेघांचं जाळं होतं. वैतागून तो संवाद प्रमाणभाषेच्या जवळ ओढला जाण्याचा धोका असतो, आणि ते पात्रावर अन्याय करणारं आहे. संवाद निवडा आणि फक्त तेवढ्यावर तपासणी बंद करा. वर्डमध्ये भाषेच्या त्याच चौकटीत ‘तपासू नका’ची खूण लावायची. लिबरऑफिसमध्ये ‘टूल्स’मधल्या ‘लँग्वेज’खाली निवडलेल्या मजकुरासाठी ‘नन’ हा पर्याय आहे. संवाद खूप असतील तर ‘बोली’ नावाची अक्षरशैली तयार करा, तिची भाषा ‘नन’ ठेवा आणि संवादांना ती लावत जा. बाकी मजकुराची तपासणी चालूच राहते.

१९६२ पूर्वीच्या मजकुरातलं अवतरण घेताना हेच करा. १८८१ पासूनच्या ‘केसरी’तला उतारा देत असाल तर त्यातले ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरीं’ असे अनुच्चारित अनुस्वार तसेच राहिले पाहिजेत. ते त्या काळचं शुद्ध लेखन आहे. तपासणी चालू असताना पर्याय स्वीकारत गेलात तर अवतरण बदलतं, आणि बदललेलं अवतरण चुकीचंच.

कानानं तपासणी

गाळलेला किंवा दोनदा आलेला शब्द डोळ्यांना दिसत नाही, ऐकला की लगेच कळतो. लेखाची पीडीएफ करा आणि मायक्रोसॉफ्ट एज ब्राउझरमध्ये उघडून कंट्रोल-शिफ्ट-यू दाबा. आवाजांच्या यादीत मराठीसाठी आरोही आणि मनोहर असे दोन आवाज आहेत. वेग थोडा कमी ठेवा. ‘तो तो म्हणाला’, ‘त्यांनी सांगितलं की पुस्तक वाचलं पाहिजेत’ असल्या चुका इथे उघड्या पडतात. ह्रस्व-दीर्घाची खात्री मात्र ऐकून करू नका, त्यासाठी रेघा आणि नियमच.

तपासून झाल्यावर, ज्या फाइलमध्ये तुम्ही बऱ्याच ठिकाणी ‘इग्नोर ऑल’ म्हटलं आहे, तिची वर्डच्या ‘प्रूफिंग’ विभागातल्या ‘रिचेक डॉक्युमेंट’ बटणानं एक फेरी घ्या. आधी टाळलेले सगळे शब्द पुन्हा समोर येतात, आणि घाईत टाळलेला एखादा चुकीचा शब्द त्यात हमखास असतो.

संगणक बदलण्याआधी किंवा फॉर्मॅट करण्याआधी तुमचा कोश बाजूला काढून ठेवा. वर्डचा तो यूप्रूफ फोल्डरात असतो, फायरफॉक्सचा प्रोफाइल फोल्डरातल्या ‘पर्सडिक्ट’ नावाच्या फाइलमध्ये, लिबरऑफिसचा वापरकर्त्याच्या फोल्डरातल्या ‘वर्डबुक’मध्ये. लिबरऑफिसची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. वरच्या चार ओळींना हात लावू नका, त्याखाली एका ओळीवर एक शब्द या पद्धतीनं हवे तितके शब्द एकदम घालता येतात. एकाच अंकावर किंवा ग्रंथमालेवर काम करणाऱ्या सगळ्यांनी हीच फाइल वापरली, तर लेखकांची नावं आणि गावांची नावं सगळीकडे एकाच तऱ्हेनं लिहिली जातात.